लेट्यूसचे नक्षत्र

नाशिकरोडपासून काही किलोमीटरवर, गोदावरीच्या काठी एकलहरे हे गाव आहे. औष्णिक वीजकेंद्रामुळे त्याचे नाव महाराष्ट्राला परिचित झाले. या केंद्राच्या कर्मचारी वसाहतीत आम्हां दोघांपैकी एकाचे बालपण गेले. तेव्हा शेजारी राहणाऱ्या एक काकू आता नाशिकरोडला स्वतःच्या घरात राहतात. २०२१ च्या दिवाळीआधी त्यांनी माळा आवरायला काढला, आणि रद्दीवाल्यासाठी बाजूला काढलेल्या ढिगात आम्हांला ‘कालनिर्णय’च्या जुन्या दिनदर्शिका दिसल्या. १९८६ पासून २००३ पर्यंतच्या, ओळीने अठरा. तारखांच्या चौकोनांत दुधाचा हिशेब, गॅसचा नंबर लावल्याचा दिवस, काकांच्या शिफ्टची अक्षरे, पाहुण्यांचे येणे-जाणे अशी संसाराची सारी बखर होती. आणि दर थंडीत एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता. ‘सालाड टाकले.’ ‘सालाड उगवले नाही.’ ‘सालाड लावले, तीन ओळी.’ ‘सालाडला तुरा.’

सालाड म्हणजे लेट्यूस. पदार्थाचे नाव वनस्पतीलाच चिकटल्याचे हे उदाहरण आपल्याकडे सर्रास आढळते. घरच्या बागेत लेट्यूस कधी लावावे, हा प्रश्न या बाईंनी अठरा वर्षे स्वतःला विचारला होता आणि उत्तरे दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवली होती. प्रश्न दिसायला लहान आहे. परंतु त्याचा माग काढू लागलो तेव्हा असे ध्यानात आले, की एखादे परके बी जेव्हा आपल्या मातीत येते, तेव्हा ते एकटे येत नाही. ते आपली दिनदर्शिका बरोबर घेऊन येते. बियाचे नाव भाषांतरित करणे सोपे असते. त्याची वेळ भाषांतरित करायला मात्र काही पिढ्या लागतात. त्या भाषांतराचा इतिहास सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वसंत नावाची चूक

त्या नोंदी वाचताना आम्हांला थोडी लाजही वाटली, कारण त्याच वर्षी आमची फजिती झाली होती. टाळेबंदीच्या काळात अनेकांप्रमाणे आम्हीही गच्चीवर कुंड्या मांडल्या होत्या. एका मित्राने परदेशातून लेट्यूसच्या बियांचे पाकीट आणून दिले. त्यावर ‘स्प्रिंग’मध्ये पेरावे अशा अर्थाची सूचना होती. स्प्रिंग म्हणजे वसंत, हे समीकरण आमच्या पिढीने शाळेतच पाठ केलेले. वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. तेव्हा होळी आटोपल्यावर, फाल्गुन सरता सरता, आम्ही मोठ्या विश्वासाने बी पेरले. नाशिकला त्या दिवसांत दुपारचा पारा पस्तीस अंशांच्या पुढे जातो. बहुतेक बी उगवलेच नाही. जी चारदोन रोपे तगली, त्यांना पाने धरण्याआधीच दांडा फुटला, आणि जे पान हाती लागले ते कडू निघाले.

आमची खरी चूक बागकामातली नव्हती, भाषांतरातली होती. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’ची सुरुवात एप्रिलने होते. एलियटने १९२२ साली ‘द वेस्ट लँड’ची सुरुवातही एप्रिलनेच केली, आणि ती करताना त्याच्या मनात तो जुना एप्रिल होता. या कवितांचा संदर्भ वर्गात येतो तेव्हा आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो, की हा एप्रिल आपला नव्हे. तिकडे या महिन्यात गोठलेली जमीन मऊ होते, मुळांना ओलावा मिळतो. आपल्याकडे याच सुमारास विहिरी तळ गाठू लागतात आणि वैशाखवणव्याची चाहूल लागते. संस्कृत काव्यातला वसंत आंब्याच्या मोहराचा आणि कोकिळेचा आहे. नांगरटीचा आणि पेरणीचा तो कधीच नव्हता. हे सारे आम्ही फळ्यापाशी उभे राहून सांगत आलो, आणि कुंडीपाशी मात्र विसरलो. काकूंनी हीच चूक १९८६ च्या फेब्रुवारीत केली होती. पस्तीस वर्षांपूर्वी सुटलेले गणित आम्ही पुन्हा चुकवले, कारण ते सोडवणारी वही रद्दीच्या वाटेवर होती.

पानाचा स्वभाव

लेट्यूस ही भूमध्य समुद्राच्या परिसरातील वनस्पती. प्राचीन इजिप्तमध्ये तिचा संबंध मिन या सुफलनाच्या देवाशी जोडलेला होता आणि तेथील भित्तिचित्रांत तिची उंच, टोकदार पाने ओळखू येतात. देठ मोडला की दुधासारखा चीक येतो. त्या दुधावरूनच तिचे लॅटिन नाव पडले. हाच चीक पुढे वैद्यकात गेला. लेट्यूसने झोप येते असा समज ग्रीक-रोमन जगात होता. तो युनानी वैद्यकाबरोबर पूर्वेकडे आला. युनानी औषधांत निद्रानाशावर सांगितले जाणारे ‘तुख्मे काहू’ म्हणजे लेट्यूसचेच बी. याचा अर्थ असा, की इंग्रज येण्याआधीही हे झाड हिंदुस्थानला अगदीच अनोळखी नव्हते. मात्र ते अत्ताराच्या बरणीत होते. मराठी माणसाच्या ताटात त्याला जागा नव्हती.

भूमध्य प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. त्या ऋतुचक्राने या वनस्पतीचा स्वभाव घडवला. गारव्यात पाने पसरावीत आणि ऊन तापू लागले की पानांचा नाद सोडून दांडा काढावा, फुलावे, बी टाकावे, असा तिचा जीवनक्रम आहे. दिवसाचे तापमान पंधरा ते वीस अंशांच्या आसपास असले की पान कोवळे व भरदार राहते. तापमान वाढले आणि दिवस लांबला की ती तुऱ्यावर येते आणि पानांत कडवटपणा उतरतो.

येथे अक्षांशाचा एक मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. लंडनमध्ये डिसेंबरचा दिवस आठ तासांहून लहान, तर जूनचा साडेसोळा तासांहून मोठा असतो. नाशिक वीस अंश अक्षवृत्तावर आहे. येथे डिसेंबरचा दिवसही अकरा तासांच्या जवळपास भरतो आणि जूनचा सव्वातेरा तासांच्या फारसा पुढे जात नाही. विलायतेत हिवाळ्याच्या मध्यावर या पानाला उजेडच पुरत नाही, म्हणून तेथील माळी स्प्रिंगची वाट पाहतो. आपल्याकडे उजेड बारमाही आहे. अडचण उष्णतेची आहे. तेव्हा तिकडचा स्प्रिंग इकडे शोधायचा असेल, तर तो चैत्रात सापडणार नाही; तो कार्तिक-मार्गशीर्षात सापडेल.

उष्णतेचे भय बियाच्या पोटातच असते. अठ्ठावीस-तीस अंशांच्या वर लेट्यूसचे पुष्कळसे बी ओले होऊनही उगवत नाही. ते निजून राहते. पुढे कडक उन्हाळा आहे, आत्ता डोके वर काढण्यात अर्थ नाही, असा जणू त्याचा हिशेब असतो. शिवाय लेट्यूसच्या अनेक वाणांना उगवण्यासाठी उजेड लागतो. या हट्टामुळे हे बी विज्ञानाच्या इतिहासातही जाऊन बसले. १९५२ साली अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे बॉर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्रँड रॅपिड्स’ या लेट्यूसच्या वाणाचे ओले बी आळीपाळीने लाल आणि अतिलाल प्रकाशात धरले. शेवटचा प्रकाश लाल असेल तर बी उगवे, अतिलाल असेल तर बहुतेक निजून राही. मधल्या फेऱ्या कितीही होवोत, निर्णय शेवटच्या झोताचा. वनस्पती प्रकाश कसा ओळखते याचे कोडे या प्रयोगाने सुटू लागले आणि पुढे फायटोक्रोम हे द्रव्य सापडले. काकूंच्या १९८९ च्या दिनदर्शिकेत ऑक्टोबरच्या पानावर एक वाक्य आहे: ‘वरून माती नको, नुसते हाताने दाबावे.’ बेल्ट्सव्हिलचे नाव त्यांनी ऐकलेले नव्हते. त्यांनी एका ओळीवर माती टाकली होती आणि दुसरीवर टाकायची राहून गेली होती, एवढेच.

साहेबाची वेळ, माळ्याचा हात

साहित्याच्या अभ्यासकांना विल्यम केरी हे नाव परिचित आहे. श्रीरामपूरच्या या मिशनऱ्याने फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवली, १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० साली कोश. आमच्या अभ्यासक्रमात केरी एवढ्यावरच संपतो. परंतु याच केरीने १८२० साली कलकत्त्यात कृषी आणि उद्यानविद्येची संस्था स्थापन केली. इंग्लंडातील स्नेह्यांकडे तो बियांची मागणी सतत करीत असे. भाषेची रुजवण आणि भाजीची रुजवण हे त्याच्या लेखी वेगळे उद्योग नसावेत. मराठी शब्दांची पहिली छापील मोजदाद करणारा आणि विलायती बियांना येथे घर देऊ पाहणारा माणूस एकच असावा, ही गोष्ट आम्हांला मोठी अर्थपूर्ण वाटते.

पुढे १८६० च्या दशकात फर्मिंजर या पाद्र्याने बंगाल व उत्तर हिंदुस्थानासाठी बागकामाची मार्गदर्शिका लिहिली. पुण्याजवळ गणेशखिंडीत १८७३ साली वनस्पती उद्यान उभे राहिले. त्याचे अधीक्षक मार्शल वुड्रो यांनी हिंदुस्थानातील बागकामावर लिहिलेल्या पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या. या परंपरेचे मूलसूत्र एकच होते: विलायतेत ज्या भाज्या स्प्रिंगमध्ये पेरतात, त्या येथे पावसाळा सरल्यावर पेराव्यात. म्हणजे वेळेचे भाषांतर दीडशे वर्षांपूर्वीच झाले होते. परंतु ते इंग्रजीतून इंग्रजीत झाले. वर्षाच्या दुसऱ्या टोकाला सरकवलेल्या या वेळा साहेबांसाठी आणि त्यांच्या मडमांसाठी इंग्रजी महिन्यांत छापल्या गेल्या.

नाशिकपुरते बोलायचे तर १८६० च्या दशकात थळ घाट चढून रेल्वे वर आली आणि देवळालीला लष्करी छावणी वसली. जिथे छावणी तिथे विलायती भाजीला गिऱ्हाईक, हे त्या काळी देशभराचे समीकरण होते. कच्चे पान खायची साहेबाला आवड, पण पटकीचेही भय. म्हणून पाने पोटॅशियम परमँगनेटच्या लाल पाण्यात धुऊन मेजावर जात. मुंबईत १८६९ साली क्रॉफर्ड मार्केट बांधून झाले. त्याच्या दर्शनी भागावर हिंदुस्थानी शेतकऱ्यांची शिल्पे आहेत. ती लॉकवुड किपलिंगच्या, म्हणजे रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांच्या, आराखड्याची. आज या मंडईला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे. माळ्याच्या घरात जन्मलेल्या जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये विद्येअभावी शेतकऱ्याचे काय झाले ते मांडले आणि शेती सुधारण्याचे उपायही सुचवले.

लेट्यूसच्या बाबतीत या विद्येच्या अभावाचे रूप फार विचित्र होते. पान वाढवणारा हात मराठी माळ्याचा होता. कोणत्या आठवड्यात वाफा भरायचा हे त्या हाताला नेमके ठाऊक होते. मात्र पुस्तक साहेबाच्या भाषेत होते, आणि माळ्याचे ज्ञान लिहून घेण्याची गरज कुणालाच वाटली नाही. साहेब गेला, त्याचे पुस्तक ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत गेले. माळी गेला, त्याचा हात त्याच्याबरोबर गेला. म्हणून १९८६ साली एकलहऱ्यात एका गृहिणीला तेच ज्ञान पहिल्यापासून मिळवावे लागले.

तिथी आणि नक्षत्र

आपल्या परंपरेत भाजी नुसती भाजी नसते. तिला पंचांगात जागा असते. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमावाचून उगवलेल्या भाज्याच खायच्या. चातुर्मासात कांदा-वांगी वर्ज्य. चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत करून वांगे पुन्हा ताटात येते. भोगीला वालाच्या शेंगा, गाजर, ओला हरभरा, वांगी, बोरे, तीळ यांची एकच भाजी होते, आणि त्या कढईत थंडीचा सारा हंगाम एकत्र येतो. अरणच्या सावता माळ्याने तर मळ्यालाच पंढरी मानले. या साऱ्या परिवारात लेट्यूसला कोठेही जागा नाही. त्याला ना व्रत, ना नैवेद्य, ना म्हण. ज्या भाजीला तिथी नाही, तिची वेळ घरात कोण कुणाला सांगणार?

परंतु पंचांगात दोन वेगवेगळी घड्याळे चालतात, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. व्रते आणि सण चांद्र तिथींवर चालतात. २०२२ साली घटस्थापना २६ सप्टेंबरला होती. २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे ती १५ ऑक्टोबरला आली. एकोणीस दिवसांचा हा फरक देवीला चालतो, बियाला चालत नाही. म्हणून शेतकरी पेरणीसाठी तिथी पाहत नाही, नक्षत्र पाहतो. आणि त्याचे नक्षत्र म्हणजे चंद्राचे रोज बदलणारे नक्षत्र नव्हे, सूर्याचे. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो आणि दर वर्षी जवळजवळ त्याच तारखेला तेथे येतो. मृग ७-८ जूनला, हस्त २७ सप्टेंबरच्या सुमारास, चित्रा १०-११ ऑक्टोबरला, स्वाती २३-२४ ऑक्टोबरला. खरिपाची आणि रब्बीची सारी लोकविद्या, सहदेव-भाडळीच्या नावावर सांगितली जाणारी वचने, या सौर घड्याळावर चालतात.

काकूंचे माहेर खानदेशात, शेतकऱ्याच्या घरी. पहिल्या दोन वर्षांच्या त्यांच्या नोंदी नुसत्या तारखांच्या आहेत. १९८६ च्या फेब्रुवारीतले बी उगवले नाही. १९८७ मध्ये त्यांनी मेथी-शेपूप्रमाणे मृगाच्या पावसावर पेरून पाहिले. ते उगवले आणि सडले. १९८८ पासून मात्र नोंदीत नक्षत्रे दिसू लागतात. त्या वर्षी हस्तात टाकलेले रोप परतीच्या पावसाने झोडपले. १९८९ च्या चित्रात त्यांना वाट सापडली. ऑक्टोबरची दुपार अजून तापलेलीच असते, हे ओळखून त्यांनी बी ओल्या फडक्यात बांधून दोन रात्री माठाच्या तळाशी ठेवले. ओले झाल्यावरचे पहिले एक-दोन दिवस गारव्यात गेले की उष्णतेने निजण्याची बियाची खोड बरीच मोडते, असे आता शास्त्रही सांगते.

त्यानंतरच्या नोंदी वाचताना एक गोष्ट आमच्या एकदम लक्षात आली, आणि या लेखाचे शीर्षक त्यातूनच आले. इंग्रजी बागकामाची पुस्तके लेट्यूस एकदम सगळे पेरू नये, दर पंधरवड्याला थोडे थोडे पेरावे असे सांगतात. म्हणजे पान सलग मिळत राहते. १९९१ पासून काकूंच्या दिनदर्शिकांत असे आढळते: ‘चित्रा, एक ओळ.’ ‘स्वाती, एक ओळ.’ ‘विशाखा, दोन ओळी.’ ‘अनुराधा.’ ‘ज्येष्ठा.’ ‘मूळ, शेवटचे.’ साहेबाचा पंधरवडा आणि शेतकऱ्याचे नक्षत्र यांचे माप जवळजवळ एकच आहे. ज्या भाषांतरासाठी दीडशे वर्षांत कुणी लेखणी उचलली नाही, ते एका गृहिणीने सहा नक्षत्रांच्या नावांत करून टाकले होते.

एकलहऱ्याचे वेळापत्रक

हे घडले ती जागाही नीट पाहिली पाहिजे. एकलहऱ्याच्या केंद्रातील १४० मेगावॅटचे पहिले दोन संच १९७० व १९७१ साली सुरू झाले. १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे आणखी तीन उभे राहिले. खानदेश, विदर्भ, मराठवाडा, कोकण अशा सगळ्या बाजूंची कुटुंबे नोकरीनिमित्त एका वसाहतीत आली. प्रत्येकीने आपल्या गावची मेथी, आपला घेवडा, आपले अळू आणले. लेट्यूस मात्र कुणाच्याच गावचे नव्हते. काकूंना पहिले पाकीट त्यांच्या दिराने मुंबईहून, क्रॉफर्ड मार्केटातून आणून दिले होते. ते रुजल्यावर त्याचे करायचे काय हाही प्रश्नच होता. त्यांनी त्याचा घोळाणा केला: पाने हाताने तोडून कांदा, दाण्याचे कूट, तिखट-मीठ आणि वरून कच्चे तेल. खानदेशात कोवळ्या मेथीचा जसा करतात तसा. शेजारणींना तो आवडला, आणि पुढच्या चित्रात आणखी चार परसांत वाफे झाले.

त्यांच्या अठरा वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या की वेळापत्रक उभे राहते ते असे. पहिले बी चित्रात, म्हणजे १० ऑक्टोबरनंतर, आणि तेही सावलीत. रोप चार-पाच पानांचे झाले की पंचवीस-तीस दिवसांनी वाफ्यात लावायचे. मोकळ्या पानाच्या जातीला वीतभर अंतर, गड्डा धरणाऱ्या जातीला त्याहून अधिक. स्वाती आणि विशाखा, म्हणजे २४ ऑक्टोबर ते १९ नोव्हेंबर, हा सर्वांत भरवशाचा काळ. गड्ड्याच्या जातीला अडीच महिने लागतात, म्हणून ती याच काळात टाकावी. अनुराधा आणि ज्येष्ठेत टाकलेले रोप ऐन थंडीत वाढते. एकलहऱ्यापासून निफाड तालुका दूर नाही, आणि निफाडचा पारा काही वर्षी पाच अंशांच्याही खाली उतरतो. द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, त्या रात्री लेट्यूस वाढीत मंद होते, पण मरत नाही. मूळ नक्षत्रात, म्हणजे डिसेंबरच्या उत्तरार्धात, शेवटची पेरणी. संक्रांतीनंतर बी टाकू नये. होळीत थंडी जळते असे आपण म्हणतो. होळीपूर्वी वाफा रिकामा झाला पाहिजे, कारण त्यानंतर मिळतो तो तुरा.

नक्षत्रांचे घड्याळ अचूक आहे असा आमचा दावा नाही. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. आता ती १४-१५ जानेवारीला येते. सौर संक्रमणे ऋतूंच्या तुलनेत शतकानुशतके हळूहळू पुढे सरकत आहेत. हवामानही आता पूर्वीइतके शब्द पाळत नाही. डिसेंबर २०२१ च्या आरंभी नाशिक परिसरात अवकाळी पाऊस कोसळला आणि द्राक्षांबरोबर आमच्या गच्चीवरच्या रोपांनाही त्याचा तडाखा बसला. काकूंच्या नोंदींतही अपयशाची वर्षे आहेत. १९८९ नंतरही आहेत. परंतु प्रत्येक अपयशाशेजारी नक्षत्र लिहिलेले असल्यामुळे पुढच्या वर्षी काय बदलायचे ते त्यांना कळत होते. नोंदीचे मोल अचूकतेपेक्षा या तुलनेच्या सोयीत असते.

‘कधी’ हा प्रश्न

आज असा प्रश्न कुणी विचारू शकेल, की या साऱ्याचे प्रयोजन काय? हरितगृहांत आणि मातीविना वाढवलेले लेट्यूस आता मोठ्या दुकानांत ऐन मे महिन्यातही मिळते. ‘कधी लावावे’ हा प्रश्नच तंत्रज्ञानाने निकालात काढला आहे. त्या सोयीबद्दल आमची तक्रार नाही. मात्र ‘कधी’ हा प्रश्न पुसला गेला की त्याच्याबरोबर शब्दांचा एक मोठा साठाही निकामी होतो. आमच्या वर्गातील विद्यार्थ्यांना चित्रा आणि स्वाती ही मुलींची नावे म्हणून ठाऊक असतात. ती पेरणीची नावे आहेत हे त्यांना सांगावे लागते. शेतीवर उभ्या असलेल्या मराठी वाङ्मयातील, विशेषतः ओव्यांतील आणि ग्रामीण कथेतील, काळ नक्षत्रांत मोजलेला आहे. तो काळ वाचता न येणारा वाचक ते वाङ्मय अर्धेच वाचतो.

दुसरे असे, की आपण वाङ्मयेतिहास लिहिताना छापील ग्रंथांचे पुरावे गोळा करतो. १९७३ पासून निघणाऱ्या ‘कालनिर्णय’ने मात्र घराघरांत दर महिन्याला तीसेक कोरे चौकोन पुरवले, आणि ज्यांनी कधी वही हाती धरली नसती अशा कितीतरी स्त्रियांनी त्यांत लिहिले. ते लेखन वर्ष संपले की रद्दीत जाते किंवा मुलांच्या पुस्तकांना वेष्टन होते. मराठीतील स्त्रियांच्या लेखनाचा हा फार मोठा भाग असावा, आणि तो आपण दर जानेवारीत खिळ्यावरून काढून टाकतो.

वसाहतही आता तीच राहिलेली नाही. २००५ साली वीज मंडळाचे विभाजन होऊन निर्मितीची वेगळी कंपनी झाली. पुढे १९७०-७१ चे दोन जुने संच बंद झाले. त्या परसांत आता काय लावले जाते याची चौकशी करायला आम्हांला पुन्हा जायचे आहे.

काकूंच्या शेवटच्या दिनदर्शिकेत, २००३ च्या डिसेंबरात, १८ तारखेच्या चौकोनात ही नोंद आहे: ‘मूळ. शेवटचे सालाड टाकले. ३१ ला जागा सोडायची. पुढच्या बाईंना सांगून ठेवले कधी काढायचे ते.’ जे पान स्वतःच्या ताटात येणार नाही हे ठाऊक होते, त्याचे बी त्यांनी वेळेवर टाकले आणि वेळ सांगूनही ठेवली.

त्या दिवशी आम्ही काकूंना विचारले, “काकू, हे सगळे आम्ही नेले तर चालेल का?” त्या हसल्या. “न्या की. पण आज काय तारीख? वीस? मग चित्रा अजून चार दिवस आहे. बी आज भिजवा.” बी त्याच संध्याकाळी ओल्या फडक्यात माठाखाली गेले. अठरा दिनदर्शिका आता आमच्या विभागाच्या कपाटात आहेत. केरीच्या कोशाची एक प्रत कधी मिळाली तर ती ठेवण्यासाठी शेजारची जागा आम्ही रिकामी ठेवली आहे.